बाण कुठून निघाला

बहिणीचं लग्न आष्टीच्या स्थळाशी ठरत आलं होतं, ते मोडलं. "पोरीला फिट येते म्हणतात," एवढंच त्यांनी कळवलं. तिला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. ती दोन दिवस जेवली नाही आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी परतूरला घरी बसून एका कंपनीचं कोडिंग करतो. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीची चौकशी दहा घरांत होते. आणि विचारायला गेलं की आमची माणसं, बोट आपल्याकडे वळायच्या आत, मागच्याचं नाव सांगून मोकळी होतात. "मी न्हाई बाबा, मला तर तिनं सांगितलं." मला तेवढंच हवं होतं. फोन करत गेलो आणि कोडमध्ये भरत गेलो: प्रत्येक माणसाचा एक ठिपका, सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे एक बाण. मग आष्टीच्या घरापासून सुरुवात करून, ठिपक्यात येणारे बाण तेवढे निवडायचे आणि उलटं मागे चालत जायचं. पहिल्यांदा चुकून बाहेर जाणारे बाण निवडले, तर प्रोग्राम आष्टीतच बसून राहिला.

दुसऱ्यांदा तो माझ्या सख्ख्या आत्याच्या दारात जाऊन थांबला. तिच्याकडे एकही बाण येत नव्हता, नुसते जात होते. विचारलं तर म्हणाली, "मला कोण सांगंल? चतुर्थीला पडल्ती ना ती, म्या डोळ्यानं पाह्यलं." उपासाची चक्कर होती ती! महिन्याभरात त्याच आष्टीच्या घरी आत्याच्या पोरीचं जुळत आलं, तेव्हा सगळं कळलं.

मी भांडलो नाही. तोच नकाशा उघडला आणि या वेळी बाणांच्या दिशेनं चाललो. कोणाच्या कानात सांगितलं तर आष्टीला सगळ्यात लवकर पोचेल? ब्लाउज शिवणाऱ्या काकू निघाल्या. आईचा ब्लाउज आणायला म्हणून गेलो आणि सहज बोललो, आत्याच्या पोरीचं जालन्यात कोणाशी तरी जमलंय म्हणे. धादांत खोटं. पाचव्या दिवशी तेही स्थळ मोडलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

परवा ती पोरगी घरी आली. लहानपणापासून मला राखी बांधते. डोळे सुजलेले, हातात वही.

"दादा, ताईच्या वेळी तू शोधल्तं ना बाण काढून, मलाबी शोधून दे. ज्यानं केलं त्याला मी बिलकुल सोडणार न्हाई."

निम्मं काम तिनंच करून आणलं होतं. एकेकाला विचारलेलं, प्रत्येकानं मागचं नाव दिलेलं. शेवटचं नाव ब्लाउजवाल्या काकूंचं होतं.

"एवढ्याच राह्यल्यात," ती म्हणाली. "आई गेलीय त्यांच्याकडं विचाराया. तिथून इकडंच येणार हाय."

मी लॅपटॉप उघडला. तिचे ठिपके भरले, काकूंकडे येणारा एक बाण तेवढा राहिला. बाहेर आत्या चपला काढत होती.