मागचं चाक दोन बोटं मोठं

माझी बायको रेजिना आणि मी शेवटचं एकत्र काम केलं ते बोंबील टाकायचं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी वलांडीवर (बोंबील वाळवायच्या बांबूच्या चौकटीवर) टाकायची. माझ्या जोड्या सुटून वाळूत पडत होत्या. ती म्हणाली, फटफटी चालवून चालवून तुझे हातही फटफटतात. मी म्हणालो, मागे तू बसतेस, दुसरं काय होणार. ते बोंबील वाळायच्या आत ती तापाने गेली. उतरवले ते मी एकट्याने.

लोक विलायतेला जाऊन पुस्तकं लिहितात. मी तारोडीहून भाईंदरला जाऊन आलो. माझी शाळा चार यत्ता, तेवढ्यात एवढाच प्रवास बसतो.

लढाई संपून वर्ष झालं होतं. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरीच्या इगर्जीत (आमच्या ख्रिस्ती देवळाला आम्ही इगर्ज म्हणतो) रेजिनाला जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. तिची थोरली बहीण रोझाबाय भाईंदरला. रेजिना गेली तेव्हा रोझाबायही अंथरुणात होती, त्यामुळे तिला बहिणीचं तोंडसुद्धा दिसलं नाही. माहेरचं असं ते एकच माणूस उरलेलं. तिने निरोप धाडला होता की मिस्सेला न्यायला ये, आणि रेजिना बसायची त्या फटफटीवरूनच ने, नाहीतर तूपण मला मेलास. माझ्या नात्यात गोड बोलणारी माणसं नाहीत.

फटफटी लष्कराने मोडीत काढलेली. वाळल्या बोंबलांचं गाठोडं मागे बांधून दुपारी निघालो. डोंगरी गेली, मोरवा गाव दिसायला लागलं. दोन्ही बाजूला मिठागरं, पांढऱ्या राशी, डोळे उघडवत नव्हते. तेवढ्यात बांधावरच्या एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं. खाऱ्या हवेने गंजलेल्या तारा पटापट तुटल्या आणि चाक वाळल्या बोंबलासारखं वाकडं झालं. मनात म्हटलं, रेजिना, आज तर तू मागे नव्हतीस.

मोरव्यापर्यंत ढकलत नेली. तिथे हिरू लोहार मिठागरांची फावडी करतो आणि मोटारींतलं सगळं आपल्याला कळतं असं सांगतो. अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून त्याने फटफटीचं एक चाक ठेवलं होतं. ते माझ्याच जातीच्या फटफटीचं, तारा बसतात तो मधला तुंबा तोच, पण चाक मोठं. आम्ही कोळी सगळं बोटांनी मोजतो. मी मोजलं आणि म्हणालो, तुंब्यापासून काठापर्यंत दोन बोटं मोठं आहे.

"दोन बोटांनी काय व्हतंय? चाक गोलच हाय ना?"

जाळ्याचा डोळा दोन बोटं मोठा झाला तर निम्मा मासा निघून जातो, हे मला चांगलं ठाऊक. पण ऊन उतरत होतं आणि रोझाबाय दारात बसून असणार. मी म्हणालो, बसव.

चाक मडगार्डाला घासायला लागलं. हिरूने चाक खाचेत मागे सरकवलं तर साखळी अपुरी पडली. साखळीला जुन्या साखळीच्या दोन कड्या जोडल्या, तरी घासतंच. मग त्याने मडगार्डच उपटून कोंबड्यांवर झाकण घातलं. मागच्या ब्रेकची कांडी पोचेना, तिला तार बांधली. स्टँड जमिनीपासून अधांतरी राहिला, म्हणून खाली ठेवायला एक लाकडाचा ठोकळा दिला आणि म्हणाला, हा हरवू नको, फटफटीचा हा मुख्य भाग आहे.

फटफटी आता मागून उंच झाली होती. बसलो की म्हशीच्या पाठीवरून घसरल्यासारखं वाटे.

रोझाबाय काळं लुगडं नेसून तयारच होती. तिने गाठोड्यातले बोंबील हुंगले आणि त्यातले चार निखाऱ्यांवर भाजले. तांदळाची भाकर, वर कांदा. शेवटच्या जोडीचे जबडे अजून अडकलेले होते. ते तिने सोडवले, एक माझ्या ताटात टाकला, एक स्वतः खाल्ला.

परतताना भरतीचं पाणी बांधावर चढलेलं. मडगार्ड नाही, त्यामुळे चाकाने मिठागराचा सगळा चिखल उचलून मागे बसलेल्या रोझाबायच्या पाठीवर थापला. या बाजूने डोंगरीचा चढ सोपा, तरी इंजिन दमेकऱ्यासारखं करत होतं. चाक मोठं झालं की त्याला एका फेरीत जास्त वाट ओढावी लागते. हे मला तेव्हा कळलं. हिरूला अजून कळलं नसेल.

घरी उतरल्यावर रोझाबायने पाठीला हात लावून बघितला.

"पेदरू, बहिनीच्या मिस्सेला मी अशी चिखलान बसू?"

दुसरं लुगडं तिने आणलं नव्हतं. रेजिनाची पेटी मी महिनाभर उघडली नव्हती. उघडली, वरचं लुगडं काढून तिला दिलं आणि बाहेर जाऊन ठोकळा स्टँडखाली नीट बसतो का ते बघत राहिलो. नीटच बसत होता.

सकाळी निघालो. तारोडीकडून डोंगरीला जाताना चढ अंगावर येतो. त्याच्या पायथ्याशी माझा हात आपोआप मंदावला आणि मी थांबलो.

"का रं, बंद पडली?"

"न्हाय," मी म्हणालो. "हितं ती उतरायची. इंजिनाला सोपं जावं म्हनून."

 रोझाबाय माझ्या खांद्याला धरून खाली उतरली.

"मंग मी पन उतरते."

ती दुखऱ्या गुडघ्यांनी, रेजिनाच्या लुगड्यात, चढ चढायला लागली. इगर्जीची घंटा वाजत होती. माझ्या एकट्याच्या वजनालाही ते चाक वर जाईना. मी उतरलो, इंजिन बंद केलं आणि तिच्या मागून फटफटी ढकलत निघालो, तिच्या पुढे न जाता.