घोंगडीखाली लपलेली थंडी

विज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. रक्तगटाचा धडा तर मी पुस्तक न उघडता शिकवायचो. म्हणून सांगलीच्या दवाखान्यात आत्तीला रक्त चढवायचं ठरलं, तेव्हा सोबतीला जायचा मान मी आपणहून घेतला. आई लवकर गेल्यावर या आत्तीनंच मला वाढवलं. मेंढरांमागं फिरता फिरता तिनं मला शाळेत घातलं आणि पुढं मी कोरेगावात मास्तर झालो, याचं कौतुक माझ्यापेक्षा तिलाच जास्त.

पिशवी लावायच्या आधी सिस्टरनं नाव, गट, नंबर दोनदा ताडून पाहिलं. ताप, नाडी, रक्तदाब लिहून घेतला. पहिली पंधरा मिनिटं ती आत्तीजवळच उभी होती. जाताना मला म्हणाली, थंडी वाजली, खाज सुटली, दम लागला, कंबर किंवा छाती दुखली, काहीही वेगळं वाटलं तरी लगेच हाक मारा. मी हसून सांगितलं, "मी विज्ञानाचा शिक्षक आहे." ती हसली नाही.

ती गेल्यावर मी शेजारच्या खाटांकडं वळलो आणि तास सुरू केला. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर काय होतं, शरीर कसं झगडतं, सगळं हातवारे करून सांगितलं. समोरच्या खाटेवरची तासगावची म्हातारी डोळे मोठे करून ऐकत होती. अशा श्रोत्यांपुढं मला थांबता येत नाही, हा माझा जुना आजार.

मध्येच माझं लक्ष गेलं, तर आत्तीनं पाय पोटाशी घेतले होते. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जरा गार लागतंय." आमच्या घरात गार लागण्यावर एकच औषध, घोंगडी. गावाकडून येताना ती मी आणलीच होती. तिच्या गळ्यापर्यंत नीट खोचली, पंखा बंद केला आणि राहिलेला धडा पुढं सुरू केला. त्या धड्यात थंडी वाजणं हे पहिलं लक्षण मी नुकतंच सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

सिस्टर नाडी बघायला आली आणि तिनं घोंगडी बाजूला केली. आत्ती थडथडत होती, अंग तापलं होतं. सिस्टरनं आधी रक्त बंद केलं, नळी बदलून सलाईन सुरू केलं, डॉक्टरांना बोलावलं. पिशवीवरचं नाव आणि गट पुन्हा ताडला. डॉक्टरांनी आत्तीच्या रक्ताचा नमुना घेतला, तो आणि पिशवी रक्तपेढीकडं तपासायला गेली. लघवीचा रंगही बघितला. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या हातानं आत्ती गेली असती, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी ताप उतरला. गट बरोबरच निघाला. तिला फक्त ताप-थंडीची रिअॅक्शन आली होती, पण ते आधी कुणाला ठाऊक असणार, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडं बघून त्यांनी एवढंच सांगितलं की पेशंटला झाकून ठेवू नका. मी नववीतल्या पोरासारखी मान डोलावली.

मग मी आत्तीला विचारलं, "कवापास्नं वाजत हुती थंडी?"

"तू रक्ताचं सांगाय लागलास, तवापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"समदी गप बसून ऐकत हुती. म्हटलं, भरल्या वर्गात मास्तरला कशाला थांबवायचं."

मला रडू आलं. तिच्यादेखतच आलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी अगदी हळू लावली. घोंगडी मी खाटेखाली ढकलली होती. तोंड मिटून, तिचा हात धरून बसलो आणि दर दोन मिनिटांनी विचारत राहिलो, काय होतंय का. तिनं बराच वेळ सोसलं. मग म्हणाली, "आज काय बी हुईना. आता सांग की, कालचं अर्धंच ऱ्हायलंय."