पारिएन्ते म्हणजे नातलग

ओब्दुलिया कशाला घाबरणारी बाई नव्हती. लारेडोतल्या आमच्या धुलाईच्या दुकानात ती माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करायची आणि हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत गार करायची. नदीपलीकडे मेक्सिकोत तिची बहीण वारली, तेव्हा दोन वर्षांच्या नायेलीला कडेवर घेऊन ती पूल ओलांडून आली. आता पोर सात वर्षांची. पालकत्वाचा कोर्टाचा कागद काही तिनं केला नाही. मावशीला भाचीसाठी कागद कशाला, असं तिचं म्हणणं.

चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी इंग्रजीचा वर्ग भरतो. तिथं तिला मीच ओढत नेलं. मास्तर म्हणाले, अर्धं इंग्रजी तुम्हाला येतंच, दोन्हीकडचे कितीतरी शब्द एकाच मुळाचे आहेत. आमचं स्पॅनिश नासिओन ते त्यांचं नेशन, आमचं फामिलिया ते फॅमिली. ओब्दुलिया अशी काही हरखली, की ऑगस्टमध्ये शाळेचा फॉर्म आला तेव्हा तिनं मला हात लावू दिला नाही. ‘पॅरेंट’ या शब्दापुढं ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव घातलं. आमच्यात पारिएन्ते म्हणजे नातलग, आणि पोरीला तिच्याहून जवळचं नातलग होतं तरी कोण? वरचं सगळं खरं आहे, अशी खाली सहीसुद्धा ठोकली.

ऑक्टोबरात मास्तरांनी फळ्यावर दगाबाज शब्द लिहिले. मूळ एकच, पण अर्थ वेगळे झालेले. तिसराच शब्द पॅरेंट. त्याचा अर्थ नातलग नव्हेच, फक्त आई किंवा बाप. ओब्दुलियाकडे बघायची हिंमत होईना.

“सही करून खोटं बोललेय मी, चायो,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. “पोरीला नेतील माझ्या.”

“कोण वाचतंय ते फॉर्म? गप्प बस तू.”

हा सल्ला माझा. खरं सांगायला गेलं तर कोर्टाचा कागद मागतील, ही भीती मलाही होतीच. त्या दिवसापासून ती शाळेच्या फाटकाशी जाईना, कोपऱ्यावरच्या टायरवाल्यापाशी उभी राहून नायेलीची वाट बघायची. शाळेचं पाकीट आलं की न फोडता उशीखाली सारायची. जेवण तुटलं. दुकानाशी कुणी गणवेशातला माणूस थांबला, तर तिची इस्त्री कापडावर तशीच राहायची.

मग एका गुरुवारी अकरा वाजता शाळेचा फोन आला. तिनं नंबर बघितला आणि पांढरीफटक पडली. “कळलं त्यांना,” म्हणाली. मी हात पुढं केला तर तिनं माझं मनगट धरलं. फोन तीनदा वाजला, तीनदा थांबला, आणि आम्ही दोघी घोड्यासारख्या बायका त्याच्याकडे नुसत्या बघत उभ्या.

तीन वाजता नायेली कोपऱ्यावर आली ती झोकांड्या खात. अंग तव्यासारखं तापलेलं. सकाळपासून नर्सच्या खोलीत पडून होती.

“तू आलीच नाहीस, मावशी,” ती म्हणाली. “नर्स विचारत होती, तुझी आई फोन का उचलत नाही?”

“मग तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, आई तर केव्हाच वारली, ही माझी मावशी आहे. मग तिनं ते लिहून घेतलं. उद्या तुला ऑफिसात बोलावलंय.”