तापाने गेलेली बहीण

काशीराम गुरुजी आणि मी महाडच्या एकाच प्राथमिक शाळेत अकरा वर्षं शिकवलं. आमचे वर्ग शेजारी होते, मध्ये नुसत्या फळ्या. त्यांचे पाढे माझ्या वर्गात ऐकू यायचे आणि माझ्या कविता त्यांच्या वर्गात. गुरुजींचं अक्षर छापल्यासारखं, त्यामुळे शाळेचे अर्ज आणि निरोपाची मानपत्रं त्यांच्याच गळ्यात पडायची. माणूस कमी बोलणारा.

त्या काळात आपल्या दलित लोकांची आत्मकथनं एकामागून एक येत होती. गुरुजी ती मुंबईहून मागवून वाचायचे आणि मधल्या सुट्टीत मला विचारायचे, "यांना एवढं सगळं आठवतं कसं हो? माझी पहिली पाच-सहा वर्षं कोरीच आहेत."

१९८२ साली महाडच्या काही तरुणांनी वार्षिक अंक काढायचं ठरवलं आणि गुरुजींकडे लेख मागितला. त्यांनी बारा पानं लिहिली. पोलादपूरच्या वरच्या अंगाची त्यांची वाडी, बापाचं मुंबईला गोदीत जाणं, चौथीची परीक्षा. अंकाला देण्याआधी त्यांनी ती आईला वाचून दाखवली. बनुबाईंना अक्षर येत नव्हतं, पण लेकाने आपल्याबद्दल काय लिहिलंय ते ऐकायचं होतं. सुपात तांदूळ घेऊन त्या निवडत बसल्या.

दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं. 'मला तुळसा नावाची मोठी बहीण होती, मी पाच वर्षांचा असताना ती तापाने गेली.' गुरुजी वाचून पुढे गेले. बनुबाईंचा हात सुपात थांबला.

"ताप तिला नवता," त्या म्हणाल्या. "ताप मला व्हता."

"मग ती?"

"घळीत पडली. पान्याला गेली ती. तू संगती व्हतास."

आईने त्या दिवशी सांगितलं ते असं. मेलेली गुरं ओढायची नाहीत असं वाडीने ठरवलं, तेव्हा गावाने काम बंद केलं, दुकान बंद केलं आणि पाणीही बंद केलं. वाडीचा झरा चैत्रात आटला. विहीर गावाची. बाया अर्धा कोस खाली घळीत उतरून डबक्यातलं पाणी आणत. बनुबाई तापाने पडल्या होत्या, म्हणून नऊ वर्षांची तुळसा मडकं घेऊन निघाली. धाकट्याला एकटं कुठे ठेवायचं, म्हणून त्यालाही घेतलं.

"तू एकलाच आलास," बनुबाई म्हणाल्या. "उंबऱ्यात बसलास. तुळसा कुटं इचारलं, तर घळीकडं हात केलास. मंग चार दिस तोंड उघडलं नायस. पाचव्या दिशी बोललास ते, तुळसा कुटं हाय? मी बोलले, तापानं गेली. वाडीला सांगितलं, या पोरापुढं दुसरं कोनी बोलायचं नाय."

"पंचेचाळीस वर्षं, आई?"

"मंग काय करू? तू शिकत व्हतास."

पुढच्या रविवारी गुरुजी एसटीने पोलादपूरला गेले आणि तिथून चालत वाडीवर. घळीच्या तोंडाशी तासभर उभे राहिले. सोमवारी मला म्हणाले, "काही आलं नाही हो. परक्या गावात उभं राहिल्यासारखं वाटलं."

अंकाचा संपादक कॉलेजात शिकवणारा उत्साही मुलगा होता. त्याला आईने सांगितलेला हा भाग फार आवडला. "गुरुजी, तुम्ही तिथं होतात. पाहिल्यासारखंच लिहा. तिचा पाय घसरतो, मडकं फुटतं, ती तुम्हाला हाक मारते."

"हाक मारली की नाही, मला माहीत नाही."

"पण वाचकाला पटेल."

"त्याचीच भीती आहे. उद्या मलाही पटेल. मग माझ्याकडे तिचं खरं काहीच उरणार नाही."

अंकात छापलं ते असं. 'मी तिथे होतो. मला आठवत नाही. आईने सांगितलं तेवढंच लिहितो.' आणि खाली आईचे शब्द, तिच्या बोलीत जसेच्या तसे.

अंक निघून दोन महिने झाले होते. मधल्या सुट्टीत सत्तरीचा एक म्हातारा शाळेच्या पायरीवर येऊन बसला. गुरुजींच्याच गावचा, वरच्या आळीतला येसाजी. मी चहा मागवला.

"नातवानं वाचून दावलं," तो गुरुजींना म्हणाला. "तुमच्या आयला ठावं नाय, ते सांगाया आलो. पोर आधी विहिरीवर आली व्हती."

गुरुजी उभेच राहिले.

"गावानं राखणीला पाळी लावली व्हती. त्या दिशी पाळी माझी. तुम्हाला बोटाला धरलं व्हतं तिनं. बोलली, आय आजारी हाय, अर्धं मडकं घाला. मी हाकलली."

"मी काय करत होतो?"

"रडत व्हतात. ती बोलली, रडू नको रे, खाली पानी हाय."

मग गुरुजींनी विचारलं, "आजच का आलात?"

"पोरं माझी बोलतात, कशाला उकरतोस. पन तुम्ही लिवलंत, मला आठवत नाय." येसाजी जमिनीकडे बघत होता. "मला आठवतं. रोज नाय, पन आठवतं."

गुरुजी वर्गात जाऊन वही घेऊन आले. त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि शब्द न् शब्द उतरवून घेतला. शेवटी विचारलं, "खाली तुमचं नाव घालू?"

"घाला."

माफी त्याने मागितली नाही आणि गुरुजींनी दिली नाही. चहाही दोघांनी घेतला नाही. घंटा झाली, तो निघून गेला.

आईला सांगावं की नाही, यात गुरुजींचे आठ दिवस गेले. शेवटी सांगितलं. बनुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी तिला बजावलं व्हतं, विहिरीकडं फिरकू नको, नीट घळीत जा. मला वाटायचं, मीच धाडली तिला मरायला." मग म्हणाल्या, "ऐकलं नाय तर माझं. धीट व्हती गो बाय माझी."

त्यानंतर त्या तुळसाबद्दल बोलायला लागल्या. कुणाशी भांडायची, भाकरीचा कोणता भाग आधी खायची, जात्यावर आईच्या ओव्यांत शब्द कसे बदलायची. गुरुजींच्या दोन वह्या भरल्या. पुढल्या अंकात येसाजीचं सांगणं त्याच्या नावानिशी आलं. त्याच्या मुलांनी गुरुजींना रस्त्यात शिव्या दिल्या आणि बापाशी बोलणं टाकलं. तिसरा अंक निघालाच नाही. १९८५ च्या थंडीत बनुबाई गेल्या.

तुळसा कशी होती, असं मी एकदा गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, केस कुरळे होते असं आई सांगायची. चालणं भराभर होतं, असं येसाजी सांगतो. मला स्वतःला अजूनही काही आठवत नाही.