करीमभाईंची सहाण

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अंधार पडल्यावर ओंकारेश्वराच्या मसणवट्याच्या बाजूने घरी येताना मी रामरक्षा म्हणतो, ती सवय म्हणून... आणि मोठ्याने म्हणतो, ती पाठ राहावी म्हणून. बायकोला हे पटत नाही. पण तिला माझं काहीच पटत नाही.

माझा धाकटा भाऊ विनायक स्वारीवरून परतला तो डोलीतून. मांडीत भाल्याची जखम, पार चिघळलेली. शनिवार पेठेतले एक वैद्यबुवा दुखणेकऱ्यांना आपल्या पडवीत ठेवून घेत, तिथे त्याला नेलं. मी दफ्तरात कारकून. रजा मागितली तर वरिष्ठ म्हणाले, तुम्ही आलात काय नि न आलात काय. तेव्हा सोबतीला मीच राहिलो.

वैद्यबुवांचा एक दंडक होता. ज्याची मुळी त्यानेच सहाणेवर उगाळायची आणि मधातून चाटायची. उठवत नसेल तर कुशीवर पडून. मी म्हटलं, भावाची मी उगाळून देतो. तर म्हणाले, "जखम तुम्हाला झाली आहे का?"

विनायक उगाळेना. दाढी करून घेईना, पेजेला तोंड लावेना. भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी त्याला गमतीच्या गोष्टी सांगून पाहिल्या. एका गोष्टीला पलीकडचा एकजण खदखदून हसला, पण तो वाताच्या भ्रमात होता.

अंगणाकडच्या कोपऱ्यात करीमभाई असत, म्हातारे नालबंद. छातीत कफ दाटलेला, पण रोज दुपारी सुंठ उगाळायला बसत. चार वेढे घेतले की खोकायचे, मग पुन्हा वेढे. त्यांची सहाण वेगळी. सोवळ्यामुळे तिला घरातलं कोणी हात लावत नसे. एकदा तिथूनच म्हणाले, "विनायकराव, नाल ठोकून घ्यायची तर घोडासुद्धा पाय उचलून देतो. तुमचा हात उचलत नाही होय?"

विनायकने मानही वळवली नाही.

आणि गेले कोण, तर करीमभाई. उमेद होती ती त्या एकाच माणसाला. मुलगा सामान घेऊन गेला. सहाण आणि सुंठेचा तुकडा कोपऱ्यात तसाच राहिला. मग मात्र मीही मनातून विनायकची आशा सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवी झोपली होती. मी भावाला वारा घालत होतो. कोपऱ्यातून आवाज आला — दगडावर काही घासल्याचा. मग खोकला. मग पुन्हा घासणं...

मी उठून गेलो. (गेलो म्हणजे काय, खांबाला धरून धरून गेलो.) तिथे कोणी नव्हतं. सहाण ओली होती. सुंठेचा ताजा वास. मांजराचं काम असेल असं ठरवून परत फिरलो. मांजर सुंठ उगाळत नाही, हे मलाही कळतं.

विनायक कूस वळवून कोपऱ्याकडे बघत होता. म्हणाला, "दादा, माझी सहाण दे."

मला रडूच आलं. म्हटलं, बरा होशील रे आता.

"नाही होणार," तो म्हणाला. "पण ते उगाळतायत आणि मी नुसता पडून ऐकतोय, हे बरं दिसत नाही."

त्यानंतर रोज दुपारी तिकडे आवाज सुरू झाला की इकडे हा. उगाळून झालं की तोंड धुई, केस विंचरून घेई, दोन घास खाई. जखम मात्र होती तशीच. बाकीच्यांना विचारलं, तर त्यांना विनायकचीच सहाण ऐकू येई. पण कोपऱ्यातली सुंठ झिजत चालली होती, ती मी डोळ्यांनी बघत होतो. वैद्यबुवांना सांगितलं. ते म्हणाले, "मी नाडी बघतो. बाकीचं जोशीबुवांना विचारा."

मग एका दुपारी विनायकचा हात सहाणेवरच थांबला.

मी हाक मारली, हलवलं. वैद्यबुवांना उठवायला हवं होतं, कळत होतं. पण कोपऱ्यातला आवाज चालूच होता... मध्येच थांबे, खोकला येई, दोन वेढे होत आणि पुन्हा थांबे — कोणी कान देऊन वाट बघावी तसा.

मी भावाच्या बोटांतून मुळी सोडवून घेतली आणि उगाळू लागलो. तिकडे पुन्हा सुरू झालं. बऱ्याच वेळाने तो आवाज आपण होऊन निमाला, तेव्हा मी थांबलो.

सहाणेवर दाट औषध जमलं होतं. ते कोणाला द्यायचं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.