उभं राहण्याची दहा मिनिटं

सुमन सिस्टर पेशंटला ‘काय होतंय?’ असं कधी विचारायच्या नाहीत. ‘कधी होतंय? निजल्यावर, का उठल्यावर?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. बदनापूरच्या एका लहानशा दवाखान्यात त्या नर्स होत्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं असायचं, म्हणजे दुसऱ्याची नाडी धरली की काटा समोर.

मी त्यांच्यापुढे पहिल्यांदा गेले ती उचलून आणलेली. एकोणीस वर्षांची होते, जालन्याला बीएस्सी करत होते. त्या दिवशी वडील बदनापूरच्या स्टेशनवर सोडायला आले होते. तिकिटाच्या रांगेत छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळले. सहा महिन्यांतली ही चौथी वेळ. लोकांनी फिट समजून नाकाला चप्पल लावली, बखोट धरून बाकावर ताठ बसवलं. मी पुन्हा घसरले. आधीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, त्यामुळे घरात निम्मे लोक फिट म्हणत आणि निम्मे नाटक. नाटक म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग यायचा.

वडिलांनी दवाखान्यातच जाहीर केलं, ‘उद्या कॉलेजातून नाव काढतो. फिटवाली पोरगी म्हणून गावभर झालं तर करायचं काय?’

‘दादा, नाव उद्या काढा,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आज मला वीस मिनिटं द्या.’

डॉक्टरांना विचारून त्यांनी मला दहा मिनिटं निजवलं. नाडी ब्याऐंशी. मग उभं केलं. ‘भिंतीला टेकायचं न्हाई. पाय हलवायचे न्हाईत.’ दुसऱ्या मिनिटाला एकशे सहा. पाचव्याला एकशे सव्वीस. बीपी मात्र होतं तिथेच. माझी पावलं जांभळट दिसू लागली. मी म्हटलं, ‘बसू का?’

‘जमंल तोवर उभी राह्य. तुझ्या बापाला बघू दे.’ त्यांनी वडिलांची बोटं माझ्या मनगटावर ठेवली. ‘मोजा तुम्हीच.’

वडील मोठ्यानं मोजू लागले आणि मध्येच चुकले. नाडी त्यांच्या तोंडापेक्षा जोरात पळत होती. आठव्या मिनिटाला मी कोसळू लागले. त्यांनी सवयीनं मला काखेत धरून उभंच ठेवलं.

‘सोडा तिला. खाली निजवा अन् पाय वर धरा.’

लेकीचे पाय, तेही चार लोकांसमोर. वडील क्षणभर थबकले. मग खाली बसले आणि माझी पावलं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. मिनिटाभरात मला छत दिसू लागलं.

‘फिट न्हाई ही,’ सिस्टर म्हणाल्या. ‘उठली की रक्त खाली उतरून राह्यलं, अन् ते वर न्यायला दिल पळून राह्यलं. घरी जेवण कसं आहे?’

‘एकदम अळणी,’ वडील अभिमानानं म्हणाले. ‘मला बीपी हाय, म्हणून मंग सगळ्या घरालाच मीठ कमी केलं.’

‘मीठ कमी पडलं की अंगात पाणी टिकत न्हाई. तुमचं पथ्य तिला बाधून राह्यलं असंल. पण ते मोठ्या डॉक्टरला ठरवू द्या.’

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आजाराला नाव दिलं, पॉट्स. मला नाडीसाठी गोळ्या, मीठ जास्त, पाणी भरपूर, पायांत कंबरेपर्यंत घट्ट मोजे, व्यायाम आधी निजून, मग बसून. आई वैतागली, पण चुलीवर वरणाची दोन पातेली चढू लागली. लगेच काही झालं नाही. दोनदा परत पडले. वडील रोज सकाळी विचारायचे, ‘आज जाशील का?’ आणि मी हो म्हटलं की गाडी काढायचे. प्रॅक्टिकलला मला बसायला स्टूल मिळावं म्हणून ते स्वतः प्राचार्यांना भेटले. कॉलेजातून नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सिस्टर मागच्या वर्षी गेल्या. त्याआधी मी पदवीचे पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले होते. म्हटलं, ‘सिस्टर, तुम्ही मला बरं केलंत.’

‘बरं कुठं केलं? गोळ्या खाऊन राह्यली ना अजून?’ त्यांनी अर्धा पेढा मोडून तोंडात टाकला. ‘तू पहिल्यापासून खरंच सांगून राह्यल्ती. मी फक्त मोजलं.’