फिरतीचा खण

संयोगिता लांबून येताना दिसली की गडहिंग्लजच्या शिंप्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ही बाई कधी काही शिवायला टाकायची नाही. ती यायची चिंध्यांसाठी. मशीनखालच्या टोपलीत थेट हात घालायची, रेशमाचा तुकडा निघाला की उजेडात धरून बघायची, आणि शिंप्याने कुरकुर केली तर त्याच्याच कसबाचं माप काढायची.

"तिरकं कापलायस की सगळं! गिऱ्हाईकाचं निम्मं कापड वाया घालवतोस आणि चिंध्या न्यायला आलं तर तोंड वाकडं करतोस व्हय?"

पिशवी भरल्याशिवाय ती दुकानाची पायरी उतरत नसे.

तिला वाकळा शिवायचा नाद होता. गल्लीतल्या बायका जुनी लुगडी एकावर एक घालून, वरून धावदोरा मारून मोकळ्या होतात, तसल्या वाकळा नव्हेत. हिला चांदण्या लागायच्या. आठ टोकांची चांदणी ती मोबाइलवर बघून शिकली होती. शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि मधोमध टोकाला टोक असं भिडवायचं की सुईलाही फट सापडू नये. फट दिसली की ती सगळं उसवायची. त्यामुळे वाकळा पुऱ्या होण्यापेक्षा पडून राहायच्याच जास्त. माडीवर ढीग लागला होता, कुणाला काठ नाही, कुणाला अस्तर नाही, एकीला तर नुसत्याच चांदण्या, आभाळाचा पत्ता नाही. एकदा थंडीत नवऱ्याने, उदयसिंहाने, त्यातली एक अंगावर घेतली तर हिने ती झोपेतच ओढून काढली. तेव्हापासून तो बिचारा चादरीत कुडकुडतो.

भिंतीपलीकडे तिची थोरली जाऊ राहायची, आक्का. वाटणीत माडी धाकटीकडे गेली आणि मागचं परसू थोरलीकडे, आणि दोघींचीही खात्री झाली की आपल्यालाच लुबाडलं. तेव्हापासून बोलणं बंद. एकीनं केर काढला की दुसरीच्या दारात धूळ गेली म्हणून भांडी आपटायची, इतकाच काय तो संबंध. फक्त चैत्रातल्या हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जावंच लागे. सख्ख्या जावेची ओटी भरली नाही तर गल्ली काय म्हणेल? तोंड फिरवून का होईना, दोघी ओटी भरायच्या.

ओटीतल्या खणांचं काय होतं ते आपल्याकडच्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही. आलेला खण कुणी शिवत नाही, तो पुढच्या ओटीत जातो. संयोगिताने त्यासाठी दोन गाठोडी केली होती. चांगला खण चांदण्यांच्या गाठोड्यात, भिकार खण फिरतीच्या. आणि फिरतीतलाही सगळ्यात भिकार आक्कासाठी.

संयोगिताची आई नेसरीची. एकदा लेकीकडे आली तेव्हा तिने एकाच कापडाचे दोन खण आणले, जांभळ्या अंगाचे, लाल काठाचे. एक लेकीच्या ओटीत घातला आणि दुसरा भिंतीपलीकडे जाऊन आक्काच्या. शत्रूच्या घरात आई गेली म्हणून संयोगिता दिवसभर धुमसत राहिली. आक्काने मात्र आठवड्यात चोळी शिवून अंगात घातली. संयोगिताने आपला खण बोटांनी चाचपला. जाडाभरडा होता, टोकं नीट बसली नसती. टाकला फिरतीत.

पुढच्या चैत्रात आक्काची ओटी भरायची वेळ आली. संयोगिताने गाठोड्यात न बघताच हात घातला, बोटांना जाडंभरडं लागलं, तेच ओढलं. चांगलं कापड थोरलीला कशाला? आक्काने पदरात घेतलं, खणाकडे बघितलं आणि निघून गेली. तिचं तोंड पडलेलं बघून संयोगिता मनातून खूश झाली.

दिवाळीनंतर आई गेली. वडील अजून आहेत, म्हणजे आई सवाष्ण गेली.

तेराव्यानंतर संयोगिता आईची लुगडी घेऊन परत आली आणि माडीवर बसली. ही एक वाकळ पुरी करायचीच असं तिने ठरवलं होतं. सगळ्या बाजूंनी आईची लुगडी आणि मधोमध एकच मोठी चांदणी, आईने दिलेल्या त्या खणाची. लुगडी जोडून झाली. मधली जागा मोकळी ठेवून तिने फिरतीचं गाठोडं सोडलं. खण नव्हता. चांदण्यांचं सोडलं. त्यातही नव्हता. मग अर्धवट वाकळासुद्धा झटकून बघितल्या, आणि शेवटी तिला चैत्र आठवला.

दोन दिवस तिने स्वतःला आणि आक्काला सारख्याच शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तिने साठवणीतला पैठणी काठाचा उंची खण काढला, पदराखाली घेतला आणि भर सकाळी आक्काच्या दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या नळावर बायका होत्या. त्यांच्या घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणी जागची हलेना.

आक्का परातीत पीठ मळत होती. तिने मान वर केली, पण ये म्हणाली नाही.

"चैत्रात एक खण चुकून आलाय तुमच्याकडं," संयोगिता म्हणाली. "जांभळा. त्याच्या बदली ह्यो घ्या. भारीतला हाय."

"चुकून?" आक्का म्हणाली. "तुझ्या हातनं माझ्या घरात कवा चांगलं आलंय, ते ह्ये चुकून आलं?"

"द्यायचा नसंल तर तसं सांगा. मला टोमणं नकोत."

"न्हाय माझ्याकडं."

"कुणाच्या ओटीत सरकवलासा? नाव सांगा, मी जाऊन आणतो."

"आणतीस?" आक्काने पिठाचे हात झटकले आणि दारात आली. "जा मग नेसरीच्या मसनात. तुझ्या आईच्या ओटीत घातलाय त्यो."

पुढे केलेला खण संयोगिताने मागे घेतला.

"माझ्या खणाचा जोड मला वळखू येणार न्हाय व्हय? आईनं दिल्याला खण तू माझ्या पदरात टाकलास, केर टाकल्यागत. म्या जपून ठेवला. म्हटलं, एक दिस म्हातारीलाच दावतो, बघ तुझ्या लेकीचं गुण. पर तिचं तोंड बघितलं की धीर व्हायचा न्हाय. मग तीच गेली. तिला शेवटची न्हाऊ घातली, आम्ही सवाष्णी ओट्या भराय लागलो, तवा म्या संगं नेल्याला त्योच काढला. तू हुतीस की तितंच, हातभर अंतरावर."

ती होती. आता तिला सगळं आठवलं. आक्का पुढे झालेली दिसली तशी तिने मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं होतं. ही बया आईच्या अंगाला हात लावून कधी बाजूला होते, एवढाच विचार तेव्हा तिच्या डोक्यात होता.

"मला सांगायचं तरी," संयोगिता म्हणाली. "एकडाव हाक मारायची की!"

"बोलतीस का तू माझ्याशी?"

नळावरची एक बाई खाकरली. उंची खणाची घडी संयोगिताच्या हातात चुरगळली होती.

"घडी घालून ठेवला?" तिने विचारलं. "का पसरून?"

आक्काने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं.

"पसरून. छातीवर. काठ वर करून."

संयोगिताने मान हलवली. नळावरच्या साऱ्या गल्लीदेखत, तोंडाला पदर न लावता, ती मोठ्याने रडायला लागली.

"आता जा," आक्का म्हणाली. "भाकऱ्या करायच्यात मला." आणि तिने दार लावून घेतलं.